मोगऱ्याला कात्री लावा

दारात मोगरा आहे. हिरवागार आहे. त्याला रोज पाणी मिळतं. पण चैत्र आला तरी कळी नाही. मग घरातली माणसं म्हणतात, "आमच्या मातीत मोगरा फुलत नाही."

माती बिचारी काय करील? आपण झाडाला पाणी घालतो, पण कात्री लावत नाही.

मोगऱ्याला नवा फुटवा येतो, त्याच्या शेंड्याला कळ्या धरतात. फुटवे जास्त, तर फुलं जास्त. झाड छाटलंच नाही, तर जुन्या काड्या नुसत्या लांबत जातात. झाड मोठ्या झाडाच्या सावलीत असेल, तरीही तेच होतं. मोगऱ्याला निदान सहा तास ऊन हवं.

छाटणी थंडीत करायची. मार्गशीर्ष लागला, की पाणी तोडा. दोन-तीन आठवडे झाड तहानलेलं राहू द्या. पानं पिवळी पडतील, गळतील. बघून जीव हळहळतो. इथंच पुष्कळजण कच खातात आणि हळूच तांब्याभर पाणी ओततात. तसं करू नका. झाड मरत नाही, विसावा घेतं.

मग पौषात कात्री घ्या. जमिनीपासून हातभर उंची ठेवा, वरचं सगळं कापा. वाळक्या आणि किडक्या काड्या बुडापासून काढा. कात्री धारदार हवी. विळ्यानं हिसका मारला, तर काडी चिरते.

आता बुडाची माती हलवा. पाटीभर कुजलेलं शेणखत घाला. ताजं शेण नको. मग पाणी सुरू करा. मात्र ते साचू देऊ नका, मुळं कुजतात. थोड्याच दिवसांत कोवळे फुटवे दिसू लागतील. फाल्गुन-चैत्रात त्यांवर कळ्या येतील.

शेजारीण रोप मागेल. तिच्यासाठी पावसाळ्यात खालची एक फांदी वाकवा. सालीला थोडी चीर पाडून ती जागा मातीत दाबा. वर दगड ठेवा. दोन-तीन महिन्यांत मुळं सुटतात. याला दाब कलम म्हणतात.

पालघर जिल्ह्यात जव्हार, विक्रमगड भागातले शेतकरी मोगऱ्यावर पैसा मिळवतात. त्यांचा माल मुंबईच्या बाजारात जातो. ते पहाटे मिटलेली कळीच तोडतात. ती संध्याकाळी उमलते, तोवर गजरा विकून झालेला असतो. झाडावर उमललेल्या फुलाला बाजारात कोणी विचारत नाही.