मागल्या पिढीच्या विद्येची बेगमी

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरालगतचा मॅक्लेलन येथील हवाई तळ २००१ साली बंद झाला, तरी त्याच परिसरात अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ‘डिफेन्स मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स ॲक्टिव्हिटी’ ही संस्था आपले काम अखंडपणे करीत राहिली आहे. आणि बाजारातून नामशेष झालेल्या चिप्स जुन्या शस्त्रसामग्रीसाठी पुन्हा घडविणे, हे त्या कामाचे एक प्रधान अंग होय.

१९६०च्या सुमारास जन्मलेल्या इंटिग्रेटेड सर्किटाला, म्हणजेच चिपला, पहिला मोठा आश्रय मिळाला तो सैन्याचाच. ‘मिनिटमन-२’ या क्षेपणास्त्राच्या मार्गदर्शक संगणकासाठी झालेल्या खरेदीने त्या बाल्यावस्थेतील उद्योगाचे भरणपोषण केले. पुढे घरोघरी संगणक आणि हातोहाती मोबाइल आले, तेव्हा हेच सैन्य बाजारातले एक किरकोळ गिऱ्हाईक ठरले. आणि १९९४ साली संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी खास लष्करी प्रमाणांचा आग्रह सोडून शक्य तेथे व्यापारी माल घेण्याचा हुकूम काढल्यावर तर शस्त्रांचे आयुष्य बाजाराच्या गतीशी कायमचे जखडले गेले. चिपची पिढी काही वर्षांत मागे पडते. उलट, शेवटचे बी-५२ विमान १९६२ साली तयार झाले आणि त्या जातीची विमाने अद्याप सेवेत आहेत.

कारखानदार उत्पादन थांबविण्याची पूर्वसूचना देतो, तेव्हा उरलेल्या सर्व वर्षांची बेगमी एकदाच करून ठेवावी, हा सरळ उपाय. पण विमान आणखी दहा वर्षे उडेल की तीस, हे ज्याला ठाऊक नाही त्याने आकडा मांडावा कसा? कोठी रिकामी झाली की खरेदीदार दलालांच्या दारी जातो, आणि तेथे नकली माल त्याची वाट पाहत असतो. भंगारातील सर्किट बोर्डांवरून चिप्स उपसायच्या, पाठ घासून जुना छाप पुसायचा, काळा लेप चढवून नवा छाप उमटवायचा, अशी ही लबाडी. म्हणून तपासनीस ॲसिटोनमध्ये बुडविलेला कापसाचा बोळा चिपच्या पाठीवर फिरवितो, आणि बोळा काळा झाला तर माल बाद करतो. अमेरिकन सिनेटच्या समितीला २००९-१० या दोन वर्षांत अशी सुमारे १,८०० प्रकरणे आढळली. त्यांत गुंतलेल्या संशयित भागांची संख्या दहा लाखांहून अधिक होती.

मॅक्लेलनच्या संस्थेची थोरवी अशी की, ती मालाबरोबर कृतीही जतन करते. खासगी कंपन्यांकडून त्यांच्या निर्मितिप्रक्रियांचे परवाने घेऊन, एकाच कारखान्यात निरनिराळ्या पिढ्यांच्या प्रक्रिया चालविण्याची तजवीज तिने केली आहे. त्यामुळे मोठ्या कारखान्याला जी मूठभर मागणी परवडत नाही, ती येथे पुरविता येते. साठविलेला जिन्नस वापराबरोबर आटत जातो, कृती मात्र प्रत्येक वापराने अधिक पक्की होते. ज्या राष्ट्राला आपली आयुधे दीर्घकाळ बाळगावयाची आहेत, त्याने ती घडविणारी विद्या चालती ठेवण्याचा खर्च आयुधाच्या किमतीतच धरला पाहिजे. आणि तो धरावयाचा तो आयुध नवे असताना, त्या विद्येचे जाणते हयात व कामावर असताना.