कर्णा, घंटा आणि कायद्याची हद्द

वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागून कृष्णेकडे उतरणाऱ्या घाटावर, एका लहानशा दगडी घुमटीत जी भली थोरली ओतीव घंटा टांगलेली आहे, तिच्याकडे जवळ जाऊन निरखून पाहणाऱ्यास तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मरियम दिसते. आणि नाशकात गोदेच्या पात्रालगत नारोशंकराच्या देवळावर लटकणारी जी घंटा त्या शहराची एक खूणच होऊन बसली आहे, तीही मूळची पोर्तुगीज घडणीची. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई सर केल्यानंतर त्या मुलखातील चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून देशावर आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. स्पेनमध्ये याच्याही कितीतरी आधी, ९९७ साली, अल्-मन्सूर या मुसलमान सेनानीने सांतियागोच्या देवालयातील घंटा कोर्दोव्याला नेऊन तेथील जामा मशिदीत त्यांचे दिवे केल्याची आणि १२३६ मध्ये ते शहर ख्रिस्ती राजाच्या हाती पडल्यावर त्या परत सांतियागोला पोचवल्याची हकीकत इतिहासकार सांगतात. आपल्याकडे निदान घंटेची घंटाच राहिली. देव बदलला, काम बदलले नाही.

घंटेच्या किंवा बांगेच्या आवाजावर राज्यकर्त्यांची नजर पहिल्यापासून असे, पण तिचे कारण उपद्रव हे नसून अधिकार हे असे. आवाज कोणाचा घुमतो, यावरून मुलूख कोणाचा ते ठरे. आवाज किती मोठा, हा प्रश्न त्या काळी उद्भवतच नव्हता, कारण मिनारावर चढलेल्या मुअज्जिनाच्या छातीत जितका दम, किंवा घंटेचा दोर ओढणाऱ्याच्या दंडात जितके बळ, तितकीच त्या आवाजाची धाव असे, आणि ही मर्यादा कोणत्याही सरकारी हुकुमाशिवाय, सर्व धर्मांना सारखीच, आपोआप लागू होत असे. ती मर्यादा विजेच्या कर्ण्याने मोडली. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडॅम या दोघा कारागिरांनी कॅलिफोर्नियातील नापा येथे खटपट करून तयार केलेला ध्वनिक्षेपक सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर प्रचंड समुदायाला प्रथम ऐकवला गेला तो दिवस २४ डिसेंबर १९१५, म्हणजे नाताळची पूर्वसंध्या होती, आणि त्या दिवशी ऐकवले ते नाताळचे संगीत. या यंत्राची आणि धर्माची गाठ अशी जन्मापासूनच पडलेली आहे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते सिंगापूरच्या सुलतान मशिदीपर्यंत पोचले आणि त्यानंतर जगभर असंख्य प्रार्थनास्थळांच्या छपरांवर चढले.

आता या एकाच यंत्राविषयी निरनिराळ्या देशांनी जे निरनिराळे कायदे केले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले असता त्या त्या देशात धर्मस्वातंत्र्याचा अर्थ काय केला जातो हे राज्यघटनांतील भारदस्त कलमे वाचून कळणार नाही इतके स्पष्ट कळते.

अमेरिकेचे उदाहरण प्रथम घेतो, कारण तेथील एका जुन्या खटल्यात या प्रश्नाचे मर्म फार नेमके सापडले आहे. न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट नावाच्या लहान शहरात सॅम्युअल साया नावाचा, ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाचा प्रचारक, मोटारीच्या टपावर कर्णे बसवून रविवारी सार्वजनिक उद्यानात प्रवचने देत असे. नगराच्या नियमानुसार त्यासाठी पोलीसप्रमुखाचा परवाना लागे. पहिला परवाना त्याला मिळालाही होता. परंतु त्याची मुदत संपल्यावर नवा मागितला तेव्हा लोकांच्या तक्रारी आल्याच्या सबबीवर तो नाकारण्यात आला, आणि तरीही त्याने प्रवचने चालू ठेवल्यामुळे त्याला दंड व कैद अशी शिक्षा झाली. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार अशा निसटत्या बहुमताने तो नियमच रद्द ठरवला. कर्ण्यावर निर्बंध घालताच येत नाही असे न्यायालय म्हणाले नाही. तास ठरवा, जागा ठरवा, आवाजाची पातळी ठरवा, असेच त्याचे म्हणणे होते. पण कोणती कसोटी लावायची हे कायद्यात कोठेही न लिहिता परवाना देणे-न देणे एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपवले, तर तो अधिकारी आवाजाची तक्रार पुढे करून न रुचलेल्या मताचेच तोंड बंद करू शकेल, हा त्या निकालाचा गाभा होता. लगेच पुढच्या वर्षी, ट्रेंटन शहरातील कर्णे लावलेल्या गाड्यांच्या खटल्यात, कर्कश गोंगाटाला रस्त्यावर सरसकट मनाई करणारा नियम याच न्यायालयाने उचलून धरला. दोन्ही निकाल एकत्र वाचावेत. पहिला एकटाच वाचला तर गैरसमज होतो.

या परंपरेचा उपयोग पुढे मिशिगनमधील हॅमट्रॅम्क या मोटारकारखान्यांच्या गावाला झाला. एकेकाळी पोलिश कॅथलिकांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात बांगलादेश व येमेनहून आलेल्या मुसलमानांची वस्ती वाढली आणि २००४ मध्ये तेथील एका मशिदीने कर्ण्यावरून अजान देण्याची परवानगी मागितली. त्यावरून देशभर गहजब झाला. नगरपरिषदेने मात्र अजानसाठी वेगळा कायदा न करता, सकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत अजान, चर्चच्या घंटा आणि उपासनेची वर्दी देणारी इतर वाजवी साधने, अशा सर्वांना एकाच वाक्यात मुभा दिली, आणि त्याविरुद्ध झालेल्या मतदानात गावकऱ्यांनी ती कायम ठेवली. मिनिआपोलिस शहराने २०२३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. ते शहर इतके उत्तरेला आहे की उन्हाळ्यात पहाट फार लवकर फुटते आणि रात्र फार उशिरा पडते. त्यामुळे घड्याळाच्या तासांवर बांधलेला नियम दिवसातल्या पाचही अजानांना पुरत नव्हता. नगरपरिषदेने एकमताने ती तासांची अट काढून टाकली. पहाटे झोपमोड होणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर हे औदार्य मला अंमळ जास्तच वाटते.

युरोपात प्रश्नाचे रूप पालटते. तेथे घंटेच्या बाजूने शतकांची वहिवाट उभी आहे आणि कर्णा हा कालपरवा आलेला पाहुणा आहे. फ्रान्सच्या १९०५ च्या प्रसिद्ध कायद्याने राज्य आणि चर्च यांची फारकत केली खरी, पण घंटेचे काय करायचे हेही त्याच कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमात लिहून ठेवले: घंटा केव्हा वाजावी हे नगराध्यक्षाने ठरवावे, आणि त्याचे व उपासक मंडळाचे जमले नाही तर प्रिफेक्टने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्याने, निवाडा द्यावा. स्वित्झर्लंडमध्ये झुरिक सरोवराकाठच्या वेडेन्सविल गावी चर्चची घंटा रात्रभर दर पाव तासाला ठोके देई; एका जोडप्याने दाद मागितली, खालच्या न्यायालयाने पाव तासाचे ठोके रात्री बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, पण २०१७ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि गावाच्या परंपरेचे पारडे जड ठरले. याच देशाने २९ नोव्हेंबर २००९ च्या सार्वमतात ५७.५ टक्के मतांनी नवे मिनार बांधण्यास मनाई करणारे कलम आपल्या राज्यघटनेत घातले. त्या वेळी सबंध देशात मिनार होते चार, आणि त्यांपैकी एकावरूनही अजान दिली जात नव्हती. वाजणाऱ्या घंटेला न्यायालयाचे संरक्षण आणि मुक्या मिनाराला घटनेची बंदी, ही जोडी पाहिली की तेथील वाद आवाजाचा नव्हता हे वेगळे सांगावे लागत नाही.

जर्मनीने तुलनेने सरळ वाट धरली. ओअर-एर्केनश्विक येथील मशिदीपासून सुमारे नऊशे मीटरवर राहणाऱ्या एका जोडप्याने शुक्रवारच्या अजानविरुद्ध फिर्याद केली, तेव्हा म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२० मध्ये दुसऱ्याची उपासना आपल्या कानी पडूच नये असा हक्क कोणालाही नसल्याचे सांगून ती फेटाळली. कोलोन शहराने २०२१ मध्ये मशिदींना शुक्रवारी दुपारी बारा ते तीन यांच्या दरम्यान जास्तीत जास्त पाच मिनिटे कर्णा लावण्याची सशर्त मुभा दिली. आवाजाची कमाल पातळी मशिदीच्या जागेनुसार ठरवायची, शेजाऱ्यांना आगाऊ पत्रक वाटायचे, आणि तक्रार ऐकून घेण्यासाठी एक माणूस नेमून द्यायचा. या अटींतील शेवटची अट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण झोपमोड झालेल्या माणसाला पुष्कळदा निकाल नको असतो, दार ठोठावता येईल असे घर हवे असते.

याहून उद्बोधक प्रकार मुसलमानी देशांत दिसतो. सौदी अरबस्तानच्या धर्मखात्याने मे २०२१ मध्ये फर्मान काढले की मशिदींचे बाहेरचे कर्णे फक्त अजान आणि इकामत, म्हणजे नमाज सुरू होतानाची दुसरी हाक, एवढ्यापुरतेच लावावेत आणि त्यांचा आवाज यंत्राच्या पूर्ण क्षमतेच्या एक-तृतीयांशाहून अधिक नसावा. कैरोत शेकडो मुअज्जिनांच्या मागेपुढे होणाऱ्या हाकांचा कल्लोळ थांबवण्यासाठी २०१० मध्ये एकाच ठिकाणाहून प्रक्षेपित होणारी सामायिक अजान सुरू करण्यात आली. तुर्कस्तानातही अनेक शहरांत अशीच मध्यवर्ती योजना आहे. मात्र त्या देशाने १९३२ पासून १९५० पर्यंत आवाजाऐवजी शब्दांवर हुकूमत चालवून पाहिली होती, अजान अरबीऐवजी तुर्की भाषेतच दिली पाहिजे असे ठरवले होते, आणि सरकार बदलताच ती सक्ती पहिल्या झटक्याला गेली. इंडोनेशियाच्या धर्मखात्याने मशिदींच्या कर्ण्यांसाठी १९७८ मध्ये सूचना काढल्या आणि २०२२ मध्ये कमाल मर्यादा शंभर डेसिबल ठरवली. पण याच देशात, सुमात्रातील तांजुंग बालाई गावी, मशिदीचा आवाज फार होतो असे म्हणणाऱ्या चिनी वंशाच्या एका बौद्ध स्त्रीला २०१८ मध्ये धर्मनिंदेच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. जे धर्मखात्याने परिपत्रकात म्हटले तर शिस्त ठरते, तेच परधर्मीय शेजारणीने म्हटले की निंदा ठरते. बहुसंख्याकांच्या घरचा नियम कडक करणे सरकारांना सोपे जाते, कारण तेथे कोणाचा पराभव झाल्यासारखे दिसत नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला किंवा आपल्याकडे मालेगावला तोच नियम लावायचा झाला की त्याला लगेच राजकारणाचा वास येऊ लागतो.

सिंगापूरची तोड अगदी निराळी. दाट वस्तीच्या उंच इमारती उभ्या राहू लागल्या तसे १९७० च्या दशकात तेथील मशिदींचे कर्णे बाहेरून आत वळवण्यात आले, आणि अजान मलय भाषेच्या आकाशवाणीवरून दिवसातून पाच वेळा प्रसारित होऊ लागली. ज्याला हवी त्याच्या घरात ती येते, ज्याला नको त्याच्या घरात येत नाही. मुंबईतील काही मशिदींनी २०२५ मध्ये, पोलिसांनी कर्णे उतरवायला लावल्यानंतर, मोबाइलवरील ॲपमधून अजान घराघरांत पोचवण्याची सोय केली, ती याच जातीची. मिनारावरून गल्लीवर पसरणारी हाक सगळी वस्ती एकत्र ऐकते, खिशातली हाक ज्याची तो ऐकतो. हा फरक श्रद्धावानाला जाणवणारच, आणि त्याची ही हळहळ लटकी आहे असे मी म्हणणार नाही.

आपल्याकडील कायदा कागदावर पाहिला तर जगातील कोणत्याही कायद्याच्या पंक्तीला बसेल असा आहे. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य दिले ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवून दिले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्याला उघड्यावर बंदी केली, निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, आणि सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्यांना दिला. गणेशोत्सवाच्या व नवरात्राच्या त्या वाढीव दोन तासांचा हिशेब महाराष्ट्रात दरवर्षी किती चुरशीने होतो हे वाचक जाणतातच. २००० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मद्रासच्या एका चर्चच्या प्रकरणात, इतरांची शांतता भंग करून किंवा कर्णे लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा दिला. हा वाद पहाटेच्या अजानपुरताच आहे अशी एक समजूत आहे. सहापूर्वीची काकडआरतीही त्याच नियमाच्या कचाट्यात येते, हे बोलायचे राहून जाते.

आकड्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. डेसिबलची मोजणी साध्या बेरजेची नाही. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज सुमारे दुप्पट वाटतो, तर मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की सुमारे सहा डेसिबल कमी होतात. म्हणून मोजणारे यंत्र कोठे उभे केले हे ठाऊक नसेल तर नुसता आकडा निरर्थक आहे. आपल्या नियमांत ते सांगितले आहे: सार्वजनिक जागेच्या हद्दीवर मोजायचे, आणि तेथे कर्ण्याचा आवाज त्या विभागाच्या मर्यादेहून दहा डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतील जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. ही कसोटी मशिदीच्या कर्ण्याला आणि मिरवणुकीतल्या डॉल्बीच्या भिंतीला तंतोतंत सारखी लागते. लावली जाते का, हा निराळा प्रश्न.

आणि तोच खरा प्रश्न आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २३ जानेवारी २०२५ रोजी कर्णा हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही असे म्हटले. पण दुसऱ्या निकालाचे महत्त्व या वाक्यात नसून अंमलबजावणीच्या तपशिलात आहे. तक्रारदाराचे नाव उघड करू नये, पहिल्या वेळी समज द्यावी, मग दंड, मग जप्ती, अशी पायरी न्यायालयाने घालून दिली, आणि कर्ण्यातच आवाजाची कमाल मर्यादा पक्की करून टाकण्याची तजवीज सर्व धर्मांच्या संस्थांना करायला लावावी असेही सरकारला सुचवले. लॉकपोर्टच्या पोलीसप्रमुखाकडे जी बेबंद मुखत्यारी होती ती आपल्या ठाणेदाराकडे कायद्याने नाही, पण तक्रार घेणे-न घेणे, यंत्र कपाटातून काढणे-न काढणे, या रूपाने व्यवहारात पुष्कळशी उरली आहे. कोणत्या वारी, कोणत्या ठिकाणाविरुद्ध तक्रार आली, मोजणी किती वाजता झाली, आकडा किती भरला आणि पुढे काय केले, एवढी पाच रकान्यांची वही प्रत्येक ठाण्याने ठेवून ती महिनाअखेर दर्शनी फलकावर लावायला काही हरकत नसावी.