दहा दिवसांचे ‘क्लीन ईटिंग’ चॅलेंज : ग्रुपने घेताय? मग आधी नियम ठरवा

बेळगाव : टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपने मध्यंतरी दहा दिवसांचे चॅलेंज घेतले. साखर नाही, मैदा नाही, तळलेले नाही, पाकिटातले काही नाही. अकरा जण तयार झाले. चौथ्या दिवशी सकाळी त्यातले एक काका चालता चालता कट्ट्यावर बसले. अंगाला घाम सुटलेला, हात थरथरत होते. काकांना मधुमेहाची गोळी चालू आहे. आदल्या रात्री ‘क्लीन’ म्हणून नुसती काकडी-टोमॅटो खाल्लेली आणि सकाळी गोळी घेऊन उपाशीपोटी मैदानावर आलेले. कुणीतरी पळत जाऊन चहाच्या टपरीवरून साखरपाणी आणले, तर काका म्हणतात, “नको रे, चॅलेंज मोडंल की!”

शेवटी दटावून पाजले. पंधरा-वीस मिनिटांत ते सावरले. पण ते एक वाक्य सगळ्यांच्या डोक्यात बसले. चार लोकांसोबत घेतलेला नियम माणूस मोडत नाही, हीच अशा चॅलेंजची ताकद आणि हाच धोका. म्हणून हे करायचे तर कसे करायचे, ते समजून घेऊ.

हे आहे तरी काय?

‘क्लीन ईटिंग’ची शास्त्रात ठरलेली अशी एकच व्याख्या नाही. साधा अर्थ एवढाच : घरी शिजवलेले, कारखान्यातून कमीत कमी फिरून आलेले अन्न खायचे. भाकरी, भात, डाळ, उसळ, पालेभाजी, ताक, फळ. मांसाहार करणाऱ्यांना अंडी, मासेही चालतात. यात आपल्याला नवीन काही नाही. चातुर्मासात कांदा-वांगी सोडणारी आजी हेच करत होती, फक्त तिने त्याला ‘नेम’ म्हटले. नेमही घरात, शेजारात मिळूनच पाळला जायचा. म्हणूनच तो टिकायचा.

‘शरीरातले विष बाहेर पडते’ हा प्रचार मात्र सोडून द्या. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करत असतात. दहा दिवसांचा खरा फायदा वेगळा आहे. आपण दिवसभरात नकळत काय काय खातो, ते दिसायला लागते.

साखरेचा जमाखर्च

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आणली तर आणखी चांगले. २,००० कॅलरीच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, साधारण पाच चमचे. गूळ आणि मध घेतला तरी तो याच हिशोबात धरायचा. ‘गुळाचा चहा चालतो’ ही पळवाट नाही.

आता घरचा हिशोब करा. चार माणसे, प्रत्येकी तीन कप चहा, कपाला दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तर माणशी ३० ग्रॅम साखर फक्त चहातूनच गेली. घराचे दिवसाचे १२० ग्रॅम, महिन्याचे ३ किलो ६०० ग्रॅम. कपाला एक चमचा केला तर महिन्याला १ किलो ८०० ग्रॅम साखर वाचते. बिस्किटे आणि कुंदा यात धरलेलाच नाही!

हा हिशोब का करायचा? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले, २६.४ टक्के.

पाकीट वाचायला शिका

पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिले नाव सर्वात जास्त. ‘आटा’ असे मोठ्या अक्षरात छापलेल्या बिस्किटाच्या यादीत मैदा किंवा साखर कितव्या नंबरला आहे, ते पाहा. रिफाइंड व्हीट फ्लोअर म्हणजे मैदाच. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही सगळी साखरेचीच भावंडे. आमच्या ग्रुपमध्ये रोज एकाने घरातल्या एका पाकिटाची यादी वाचून दाखवायची, असे ठरले होते. दहा दिवसांत सगळ्यात उपयोगी पडले ते हेच.

गाव तसा सापळा

प्रत्येक गावाची मोडण्याची जागा वेगळी. बेळगावात कुंदा, इंदूरला पोहे-जिलेबी आणि वर शेव, बडोद्याला शेव-उसळ, हैदराबादला इराणी चहासोबत उस्मानिया बिस्किट, गोव्यात सकाळचा पाव. आपला सापळा आधी कागदावर लिहा आणि त्याला पर्याय ठरवा. इंदूरकरांनी पोहे सोडायची गरज नाही, जिलेबी आणि शेव बाजूला ठेवली तरी पुरे. गोव्यात उकड्या तांदळाची पेज आहेच. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, झुणका, मेथी आणि शेंगाची चटणी असली की कुणाला उपाशी वाटत नाही. उपवास आला तर साबुदाणा ‘क्लीन’ समजू नका, तो बहुतांशी नुसता स्टार्च आहे.

स्वयंपाक कोण करणार?

हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्ये एका वहिनींनी विचारला. “तुम्ही चॅलेंज घेणार आणि आम्ही दोन-दोन स्वयंपाक करणार, असं कसं चालंल?” बरोबरच आहे. एकट्याने चॅलेंज घेऊन घरात वेगळे ताट मागायचे नाही. घरात एकच स्वयंपाक, आणि ज्याने चॅलेंज घेतले त्याने भाजी निवडणे-चिरणे करायचे. हा नियम लावल्यावर दोघे पुरुष गळाले, हेही सांगितले पाहिजे.

कोणी सांभाळावे?

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. जेवण कमी आणि गोळी तीच, असे झाले की साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी तपासावे, गरज असल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर काही खायला घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ‘लो सोडियम’ मीठ मनाने सुरू करू नये, त्यात पोटॅशियम असते. गरोदर बायका आणि वाढत्या वयाच्या मुलांना चॅलेंजमध्ये ओढू नये. कडधान्ये एकदम वाढवली तर पोट फुगते, तेव्हा हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या.

दहा दिवसांनी काय मिळते?

दीड-दोन किलो वजन उतरले म्हणून पेढे वाटू नका. सुरुवातीला उतरते त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. एचबीएवनसी तपासणी लगेच करूनही उपयोग नाही, ती साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. टिकवायचे ते सवयीतले एक-दोन बदल. अकरापैकी बहुतेकांचा चहा आता एक चमच्यावर आला आहे. एवढे झाले तरी चॅलेंज वसूल.

दुसऱ्या फेरीसाठी आम्ही चारच नियम लिहिले आहेत. एक, आजारपण आणि गोळ्या पहिल्या दिवशीच ग्रुपला सांगायच्या. दोन, कुणाचे वजन विचारायचे नाही. तीन, मोडले तर दंड नाही, पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरू. चार, औषधासाठी घेतलेली साखर मोडण्यात धरायची नाही.

चौथा नियम काकांनी स्वतः लिहिला. हल्ली मैदानावर येताना त्यांच्या खिशात साखरेची पुडी असते आणि येण्याआधी घरी अर्धी भाकरी खाल्लेली असते.