गाळ उपसला म्हणजे घर साफ झालं?

पूर ओसरला की घरोघरी घमेली-फावडी बाहेर पडतात आणि त्या दृश्यावरूनच पुरानंतरच्या घरसफाईच्या व्यवसायाची कल्पना मनात पक्की होते : चार दणकट पोरं, एक प्रेशर पंप, ब्लिचिंग पावडरचं पोतं, की घरबसल्या धंदा सुरू. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूर बुडालं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दोन्ही वेळा गाळ उपसायला बाहेरगावांहून स्वयंसेवक धावले आणि ते काम त्यांनी फुकट केलं. जे माणुसकीपोटी होतं, त्यावर धंदा उभा राहत नाही. पैसे मोजावेत असं कसब निराळंच आहे : घर नीट वाळवणं, आणि काय ठेवायचं, काय टाकायचं हे ओळखणं.

‘फरशी कोरडी झाली, आता चिंता नाही’ हा यातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. भिंत वरून कोरडी दिसते तेव्हाही गिलाव्याच्या आत पाणी धरलेलं असतं, आणि कोकणातला जांभा तर सच्छिद्रच. ओल्या पृष्ठभागावर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू लागते. अशा वेळी खिडक्या उघडून पंखे लावावेत हा सल्ला उन्हाळ्यात ठीक आहे. भर पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलीगच्च असते, तेव्हा तिला आत घेऊन भिंत वाळत नाही. ऊन पडलं तर दारं-खिडक्या सताड उघडाव्यात, सर आली की खोली बंद करून हवेतला ओलावा शोषणारं यंत्र लावावं आणि भिंतीचा ओलावा मीटरने रोज मोजून लिहून ठेवावा. सामानाचंही तसंच. भरीव सागवानाचं कपाट सावलीत हळूहळू वाळवलं तर बहुधा वाचतं. एमडीएफचं एकदा फुगलं की पूर्ववत होत नाही. पुराचं पाणी प्यायलेली कापसाची गादी मात्र कितीही उन्हात घातली तरी टाकूनच द्यावी लागते. अमेरिकेतली आयआयसीआरसी ही या क्षेत्रातली मानकं ठरवणारी संस्था पाण्याचे स्वच्छ, दूषित आणि अतिदूषित असे तीन वर्ग करते. पुराचं पाणी तिसऱ्या वर्गातलं, मग ते दिसायला कितीही नितळ असो.

ब्लिचिंग पावडरवरचा विश्वास असाच आंधळा. क्लोरीनची ताकद सेंद्रिय घाणीवरच खर्ची पडते, त्यामुळे चिखलावर भुरभुरलेली पावडर बरीचशी वायाच जाते. आधी गाळ काढून साबणाच्या पाण्याने धुवायचं, मग द्रावण वापरायचं. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन धरला तर लिटरला १५ ग्रॅम घातल्यावर अर्ध्या टक्क्याचं द्रावण मिळतं. पावडर जुनी किंवा दमट झाली असेल तर हा हिशेब कोसळतो. संडास धुवायच्या ॲसिडशी तिचा संयोग झाला की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि साधा मास्क त्याला अडवत नाही. दुसरा धोका लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर शहरात त्याची साथ आली. उंदरांच्या मुतातले जंतू पायावरच्या किरकोळ जखमेतूनही शिरतात. कामगाराला गमबूट-हातमोजे द्यायला हवेतच. शिवाय प्रतिबंधक गोळीबाबत डॉक्टरांचा सल्ला काम सुरू होण्याआधी घ्यावा, ताप आल्यावर नव्हे.

आता ‘घरबसल्या’ या शब्दाकडे वळू. कार्यालय घरात असायला हरकत नाही. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते आणि वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही. पण ब्लिचिंग पावडरची पोती जिन्याखाली डिझेलच्या कॅनशेजारी ठेवली तर आगीला आमंत्रण, आणि पुराच्या चिखलातले गमबूट थेट घरात आणले तर आजाराला. घरमालक हमखास म्हणतो, ‘आलाच आहात तर सेप्टिक टाकीपण बघून घ्या.’ इथे सरळ नाही म्हणावं. सुरक्षिततेच्या अटी न पाळता माणूस टाकीत उतरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याबद्दलही भाबडी समजूत आहे. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत ढिगारा हटवण्याचा खर्च मिळतो, पण तो दाव्याच्या रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंतच. आणि पंचनामा व विमा सर्वेक्षण होण्याआधी सामान फेकलं तर घरमालकाच्या हातचा पुरावाच जातो. म्हणून फावडं उचलण्याआधी फोटो काढणं, यादी करणं हेही याच व्यवसायाचं काम.

कोणी म्हणेल, लोकांवर संकट कोसळलेलं असताना पैसे घेणं म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं. आक्षेप गंभीर आहे, पण तो नेमका कशावर आहे ते पाहायला हवं. पुरानंतर वायरिंग तपासणारा वायरमनही मजुरी घेतो, त्याला कोणी नावं ठेवत नाही. नावं ठेवली जातात ती पाणी चढेल तसा दर चढवणाऱ्याला. मे महिन्यातच दरपत्रक छापून ते सप्टेंबरपर्यंत न बदलणं हा त्यावरचा इलाज. दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे : पूर काही दरवर्षी येत नाही, मग पोट कशावर भरणार? खरंच, निव्वळ पुरावर कोणाचं भागणार नाही. पण गच्चीतून झिरपणारं पाणी, फुटलेला पाइप, भरून वाहिलेली टाकी, शॉर्टसर्किटनंतरची काजळी यांना ऋतू नसतो. वाळवण्याचं कसब तिथेही तेच, आणि ही किरकोळ कामंच या धंद्याचा कणा आहेत.

तेव्हा सुरुवात करणाऱ्यांनी प्रेशर पंप भाड्याने आणावा, तो कुठेही मिळतो. भिंतीचा ओलावा मोजणारा मीटर मात्र स्वतःचा घ्यावा आणि तो वापरायला याच पावसाळ्यात आपल्या घराच्या भिंतीपासून सुरुवात करावी.