अर्धं सूत लाकूड: मॉडेलसाठीच्या छोट्या टेबल सॉबद्दलचे गैरसमज

हातमागाची एक-दशांश प्रतिकृती करायला घेतली आणि पहिल्याच संध्याकाळी अडकलो. सोलापूरच्या पूर्व भागात जाऊन एका जुन्या मागाची मापं घेतली होती. खांब दोन इंची, आडवे दांडे दीड इंची, फणीच्या चौकटीच्या आणि पावड्यांच्या पट्ट्या अर्ध्या इंचाच्या. दहाने भागल्यावर खांब झाला पाच मिलिमीटरचा आणि पट्टी सव्वा मिलिमीटरची. सव्वा मिलिमीटर जाडीचं सागवान कोणत्या वखारीत मिळणार? वखारीतली भाषा सुताची. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. त्याखालचं लाकूड मागितलं की माणूस तुमच्याकडे नीट बघून घेतो.

पातळ पट्टी आपली आपणच काढावी लागते आणि त्यासाठी छोटी टेबल सॉ लागते. टेबलावर बसेल एवढी, ५८ ते १०० मिलिमीटरच्या पात्याची. आर्किटेक्चरची मुलं, बिल्डरांसाठी इमारतींची मॉडेल करणारे, गणपतीची आरास करणारे, सोलापूरच्या इंद्रभुवन इमारतीच्या खिडक्या किंवा सिद्धेश्वराचं तळ्यातलं देऊळ लाकडात उतरवू पाहणारे हौशी लोक मला तिच्याबद्दल विचारतात. त्यांच्या प्रश्नांत तेच तेच गैरसमज पुन्हा येतात. त्यापायी पैसा वाया जातो आणि कधी बोटही जातं, म्हणून हे सविस्तर लिहितो.

“किती वॅटची घेऊ?”

बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. मोटर मोठी तेवढं काम चांगलं, ही समजूत मिक्सर आणि पाण्याच्या मोटरीवरून आलेली आहे. मॉडेलच्या कामात आपण तीन-चार मिलिमीटर जाडीचं लाकूड कापतो, फार तर दहा-बारा. तेवढ्याला शंभर वॅटच्या आसपासची मोटरही पुरते, लाकूड हळू सरकवलं म्हणजे झालं. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत बहुधा ७७५ नावाची डीसी मोटर असते आणि ती १२ ते २४ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालते. तिची अडचण वेगळीच. सोबतचा अ‍ॅडॉप्टर कमजोर असेल तर लाकूड जरा दाबलं की वेग पडतो, पातं अडकतं आणि लोक मोटरीला दोष देतात. २४ व्होल्ट, ४ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर म्हणजे ९६ वॅट. यंत्रावर २०० वॅटचा आकडा छापला असला तरी या अ‍ॅडॉप्टरमधून त्याहून जास्त ताकद येणार कुठून?

फेऱ्या जास्त तेवढी कड स्वच्छ, हेही तसंच. लाकडात ते काही अंशी खरं आहे. अ‍ॅक्रिलिक आणि स्टायरीनची शीट मात्र वेगाने तापून वितळते, मागच्या बाजूने पुन्हा चिकटते आणि पात्यावर राळेसारखा थर बसतो. प्लास्टिक कापायचं असेल तर वेग कमी करता येणारं यंत्र घ्या. तेवढे पैसे वॅटवर घालवण्यापेक्षा वेगाच्या नियंत्रणावर घाला.

पातं किती लाकूड खातं?

दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. मी मात्र यंत्र निवडतो ते याच प्रश्नावर.

सुतारकामाच्या साध्या चार इंची कार्बाइड पात्याची चीर दीड ते दोन मिलिमीटर रुंद असते. म्हणजे दर वेळी निदान अर्धं सूत लाकूड भुसा होऊन जातं. कपाटाच्या फळीला त्याचं काही वाटत नाही. आता हिशोब असा मांडा: १०० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी आहे आणि तिच्यातून दोन मिलिमीटरच्या पट्ट्या काढायच्या आहेत. १.६ मिलिमीटर खाणाऱ्या पात्याने २८ पट्ट्या निघतात. अर्धा मिलिमीटर खाणाऱ्या पात्याने ४०. फळी तीच, मेहनत तीच, आणि बारा पट्ट्या जास्त. जुन्या दाराच्या चौकटीचं चांगलं सुकलेलं सागवान ज्याने एकदा हातात घेतलंय, त्याला त्या बारा पट्ट्यांची किंमत सांगावी लागत नाही.

मग सगळीकडे पातळच पातं लावावं का? तसंही नाही. पातळ स्लिटिंग पात्यांच्या दात्यांना डावं-उजवं वळण नसतं, त्यामुळे खोल चिरेत पात्याचं अंग लाकडाला घासतं, तापतं, लाकूड करपतं आणि पातं वाकडं धावू लागतं. पाच-सहा मिलिमीटरपर्यंत ते सुंदर चालतं, पुढे जाड पातं लावावं. माझ्याकडे दोन्ही आहेत. आधी जाड पात्याने फळीचे तुकडे पाडतो, मग पातळ पात्याने पट्ट्या.

दात्यांचंही असंच आहे. दाते जास्त तेवढी कड गुळगुळीत, हे आडव्या कापाला आणि पातळ शीटला लागू पडतं. रेषेच्या दिशेने उभं चिरताना भुसा मोठा निघतो आणि दात्यांमधल्या बारीक खाचांत तो मावत नाही. मग पातं कापायचं सोडून घासत राहतं. करपलेल्या लाकडाचा वास आला की पातं बोथट झालं असं आपण समजतो, पण अनेकदा पातं चांगलं असतं आणि फक्त त्या कामाचं नसतं.

यंत्र घेताना आणखी एक आकडा बघावा. ६३ मिलिमीटरचं पातं म्हणजे तीस मिलिमीटर खोल कापणार, असा अंदाज लोक बांधतात. पात्याचा अर्धा व्यास साडेएकतीस, त्यातून मधल्या वॉशरची आणि टेबलच्या पत्र्याची जागा वजा करा. हाती सोळा-अठरा उरतात. प्रॉक्सॉन या जर्मन कंपनीची ‘एफईटी’ नावाची सॉ ८० मिलिमीटरच्या पात्याची आहे, तीही २२ मिलिमीटरच कापते. जाहिरातीत कापण्याची खोली लिहिलेली नसेल तर विचारून घ्या.

“छोटंच तर यंत्र आहे, त्याने काय होतंय?”

सगळ्यांत घातक समजूत ही. ६३ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने धावत असते. ८० दाते धरले तर सेकंदाला आठ हजार दाते एका जागेवरून जातात. त्या जागी बोट आलं तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली बोट लागताच पातं थांबवणारी युक्ती काढली आणि पुढे ती सॉस्टॉप या नावाने बाजारात आली. तिच्यात पातं काही मिलिसेकंदांत जागच्या जागी थांबतं. आपल्या टेबलावरच्या या छोट्या यंत्रांत ती सोय नसते.

उलट छोट्या यंत्रावर धोका एका अर्थी जास्त, कारण तुकडा लहान आणि त्यामुळे बोटं पात्याजवळ. मोठ्या सॉवर फळी तीन फूट लांब असते आणि हात सुरक्षित अंतरावर राहतो. इथे आपण आठ सेंटिमीटरचा तुकडा चिमटीत धरून ढकलत असतो. त्यासाठी ढकलायची पट्टी हवीच. मी ती प्लायची करतो, टोकाला खाच पाडून, आणि पातं तिला कापतं तेव्हा दुसरी करतो. पट्टी दोन मिलिमीटरची असेल तर ती फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची सरळ कड) आणि पात्याच्या मध्ये न ठेवता बाहेरच्या बाजूला सुटेल अशी कापा. दर कापाला फेन्स सरकवावी लागते, वेळ जातो, पण पट्टी चिंबून मागे उडत नाही. उडालेली पट्टी मी भिंतीच्या गिलाव्यात घुसलेली पाहिली आहे. चष्मा त्या दिवसापासून कधी विसरलो नाही.

“हातमोजे घालतो की!” असंही बरेच जण सांगतात. कृपा करून घालू नका. फिरणाऱ्या पात्यापाशी सुती मोज्याचा एक धागा अडकला तरी मोजा आत ओढला जातो आणि त्याच्याबरोबर हात. हे सोलापूरला वेगळं सांगायला नको. यंत्रमागावर काम करणाऱ्या बायका पदर घट्ट खोचून उभ्या राहतात, पट्ट्याजवळ सैल कापड आणत नाहीत. तोच धडा इथे लागू. मनगटावरचा दोरा, गळ्यातली माळ, ओढणी, सैल बाह्या, सगळं आधी आवरा आणि मग बटण दाबा.

उलटा कटर

आपल्याकडे टेबल सॉला एक देशी पर्याय आहे. चार इंची कटर मशीन प्लायच्या फळीखाली उलटी बसवायची, फळीला चीर पाडून पातं वर काढायचं. मिस्त्री लोक साइटवर हे सर्रास करतात आणि त्यांच्या हाताला ते जमतं. पण त्याचे फेरे बारा-तेरा हजार, चीर जाड, मागे चीर उघडी ठेवणारी पाचर नाही, वर झाकण नाही आणि बटण टेबलाखाली. प्लायच्या मापाला ते चालत असेल, सव्वा मिलिमीटरच्या पट्टीला ते यंत्र नाही. ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून केलेलं टेबल तर कुणाच्याच घरात नसावं.

“लेझर आलाय, आता करवत कशाला?”

नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानांत लेझर आला आणि मॉडेल करणाऱ्यांची खरंच सोय झाली. खिडक्यांच्या जाळ्या, कमानी, महिरपी मीही तिथूनच कापून आणतो. पण लेझरला सपाट शीट द्यावी लागते. जाड फळीतून पातळ पट्टी तो काढून देत नाही आणि लाकडाची कड काळी करतो. सनबोर्ड तर दुकानदाराने नाकारलाच पाहिजे. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, लेझरने तो जळला की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, जो माणसाची छाती आणि यंत्राचे आरसे दोन्ही खराब करतो. आठ-दहा मिलिमीटर सनबोर्डला छोटी टेबल सॉ हाच नेटका मार्ग. तीन मिलिमीटरपर्यंतचा बाल्सा किंवा माउंटबोर्ड मात्र हातातल्या धारदार कटरनेच कापा, सॉ चालूही करू नका.

भुशाबद्दलही एक सांगतो. लाकडाचा भुसा नैसर्गिक म्हणून निर्धोक, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची बारीक धूळ १९९५ साली कर्करोगकारक ठरवली आहे. एमडीएफमध्ये वर फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. व्हॅक्यूमची नळी लावता येईल असं तोंड यंत्राला आहे का, ते बघून घ्या. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने छाती भरलेली माणसं सोलापूरने पाहिली आहेत.

परदेशातून मागवताना

अमेरिकेतल्या जहाजांची मॉडेल करणाऱ्यांत जिम बर्न्स यांच्या चार इंची सॉचं नाव आदराने घेतलं जातं. भाचा तिकडून येतोय, तर एखादी चांगली सॉ मागवू का, असं मला विचारलं जातं. तिकडची वीज ११०-१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. थेट प्लग लावला तर मोटर जळणार. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेजचं काम भागतं, पण हर्ट्झ त्याने बदलत नाहीत. इंडक्शन मोटर असेल तर ती सहाऐवजी पाचाच्या हिशोबाने, म्हणजे जरा सावकाश फिरेल. ब्रशवाल्या मोटरीला तो फरक पडत नाही. शिवाय पात्याचं भोक किती मिलिमीटरचं आहे ते आधी विचारा. पातं इथे मिळत नसेल तर सहा महिन्यांत यंत्र कपाटात जातं.

मग बघायचं काय?

खिशात गुण्या, व्हर्नियर आणि एक मार्कर घेऊन जा. ऑनलाइन घेतलीत तर परत करायच्या मुदतीत, घरी पेटी उघडल्या दिवशीच हे करा. प्लग काढलेला असू द्या.

पातं पूर्ण वर घ्या. एका दाताला मार्करने खूण करा. तो दात पुढे आणा आणि टेबलवरच्या मायटर गेजच्या खाचेपासून त्याचं अंतर मोजा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दात तोच असल्यामुळे पात्याच्या वाकडेपणाचा घोटाळा होत नाही. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. नंतर फेन्स आवळा आणि खाचेपासून तिचंही पुढचं-मागचं अंतर बघा. पुष्कळ स्वस्त यंत्रांत इथेच घोळ असतो: फेन्स पुढून आवळली की मागचं टोक अर्धा मिलिमीटर आत सरकतं, लाकूड पात्याशी चिंबतं आणि करपतं किंवा उडतं. मागूनही आवळता येणारी फेन्स असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

शेवटी पेन्सिलचं टोक पात्याच्या अंगाला जेमतेम टेकवून धरा आणि पातं हाताने सावकाश फिरवा. टोक कधी टेकतं, कधी सुटतं, यावरून पातं किती डुलतं ते कळतं. दोन दशांश मिलिमीटर डुललं तर कपाटाला काही फरक पडणार नाही, सव्वा मिलिमीटरच्या पट्टीला तो सहावा भाग आहे. मोटरीच्या आवाजाकडे आणि वरच्या रंगाकडे नंतर बघितलं तरी चालेल.

टेबलातली पात्याभोवतीची फट रुंद असते आणि बारीक पट्टी तिच्यात पडून अडकते. तिथे तीन मिलिमीटर एमडीएफचा तुकडा बसवून, पातं चालू ठेवून खालून हळू वर घेतलं की त्याची नेमकी चीर तयार होते. ही सोय बहुतेक यंत्रांसोबत येत नाही, पण अर्ध्या तासात घरी होते.

मागाच्या पावड्यांसाठी शेवटी आठ पट्ट्या काढल्या. चार फुकट गेल्या, चार नीट आल्या. त्या चार एकावर एक ठेवून व्हर्नियरमध्ये धरल्या तेव्हा पाच मिलिमीटर भरले, आणि अंगठा कडेवरून फिरवला तर कुठेही पायरी लागली नाही.