नॉर्थफील्डच्या प्राध्यापिका आणि ओतूरची कुळे

लेखमाला : सातासमुद्रापलीकडचे अभ्यासक
लेखांक सातवा

ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला आलेल्या माणसाला देवळाचा इतिहास सांगितला जातो तो पेशवाईचा. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी जीर्णोद्धार केला, शिखराला सोने चढले, कुकडीकाठी दीपमाळा उभ्या राहिल्या. जुन्नरला गेले की शिवनेरी आणि शिवजन्म. या दोन गोष्टींत तालुक्याचा इतिहास संपला असे बहुतेकांना वाटते. पण याच तालुक्यात, ओतूर आणि डुंबरवाडीच्या शिवारात, १८८५च्या सुमाराला कुळांनी सावकारांच्या जमिनी कसायचे नाकारले होते. गहाण पडून गेलेली आपलीच जमीन खंडाने कसायची आणि खंडही असा की खळ्यावरून रिकाम्या हाताने परतायचे, याला विरोध म्हणून त्यांनी नांगर खाली ठेवले. जमिनी पडीक राहिल्या आणि शेवटी तडजोड झाली. भाऊ कोंडाजी पाटील डुंबरे हे त्यांचे पुढारी, आणि पाठीशी जोतीराव फुल्यांचा सत्यशोधक समाज. त्याच सुमाराला ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचे लग्न भटजीवाचून लावले, जोश्यांनी दक्षिणेच्या हक्कासाठी दावा लावला आणि प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. हा इतिहास विद्यापीठीय अभ्यासाच्या मुख्य प्रवाहात यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि तो तिथे आणणाऱ्यांत मिनेसोटातून आलेली एक तरुण संशोधक होती. गेल ऑमव्हेट यांनी १९७३मध्ये बर्कलीच्या विद्यापीठाला सादर केलेला ब्राह्मणेतर चळवळीवरचा प्रबंध १९७६मध्ये मुंबईतून पुस्तकरूपाने निघाला. जुन्नरच्या कुळांचा संप त्यात बंगालपासून तमिळ प्रदेशापर्यंतच्या शेतकरी आणि जातिविरोधी हालचालींशेजारी ठेवून वाचता येतो.

असे अभ्यासक घडतात कसे? त्यांच्या बुद्धीचे आणि तळमळीचे कौतुक आपण भरपूर करतो. गोऱ्या बाई नऊवारीत मराठी बोलल्या की आपल्याला भरून येते, आणि त्या भरून येण्यात मूळ प्रश्न बुडतो. परक्या समाजाच्या इतिहासात आयुष्य घालवायचे तर पगार लागतो, ग्रंथालय लागते, भाषा शिकवणारे लागतात, आणि ‘पाच वर्षे काही छापले नाही तरी चालेल’ असे म्हणणारी नोकरी लागते. या लेखांकात मांडायचा मुद्दा एवढाच आहे : अमेरिकेने महाराष्ट्राचा इतिहास अभ्यासला आणि महाराष्ट्राने अमेरिकेचा अभ्यासला नाही, यामागे प्रतिभेचा फरक नाही, व्यवस्थेचा आहे.

एलिनॉर झेलियट यांची कारकीर्द यासाठी तपासून पाहण्यासारखी आहे. जन्म १९२६चा, आयोवा राज्यातल्या डे मॉइनचा. संस्कार क्वेकर पंथाचे; गुलामगिरीविरुद्ध उभे राहिल्याची आणि युद्धाला नकार दिल्याची जुनी परंपरा असलेला हा पंथ. एम.ए. १९४९मध्ये झाले, पण डॉक्टरेट मिळायला १९६९ उजाडले, म्हणजे मधे वीस वर्षे गेली. भारत त्यांनी पहिल्यांदा १९५२मध्ये पाहिला, संशोधनासाठी पुण्या-मुंबईकडे राहिल्या ते १९६३ ते १९६५ या काळात. त्याच दिवसांत त्यांच्या मायदेशी कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा लढा ऐन भरात होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधाचा विषय होता डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ. १९६९मध्येच मिनेसोटातल्या नॉर्थफील्डच्या कार्लटन कॉलेजात रुजू झाल्या आणि १९९७मध्ये तिथूनच निवृत्त झाल्या. ज्या विद्यापीठांच्या नावाने आपले डोळे दिपतात त्यांतले हे नव्हे; पदवीचे शिक्षण देणारे छोट्या गावातले कॉलेज. तिथे राहून त्यांनी विद्यार्थ्यांच्या तुकड्या पुण्याला आणल्या, चोखामेळा आणि एकनाथांवर लिहिले, दलित साहित्याचे इंग्रजी संकलन केले. मूळ प्रबंध मात्र पुस्तक म्हणून निघाला २००४मध्ये, पस्तीस वर्षांनी. तोवर अभ्यासक त्याच्या प्रती एकमेकांकडून मिळवून वाचत होते. आजच्या गुणांकनाच्या तक्त्यात ही कारकीर्द बसवायला गेलो तर मधल्या कितीतरी ओळी कोऱ्या राहतील.

त्या प्रबंधाने केले काय? आंबेडकर हे नाव उच्चारले की त्यांच्याआधी नुसता अंधार होता, असे भक्तही सांगत आणि टीकाकारही गृहीत धरत. झेलियट यांनी आधीची जमीन उकरून दाखवली. महारांची लष्करातली भरती आणि नंतर ती बंद होणे. गोपाळबाबा वलंगकरांचे लेखन आणि अर्ज. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१०मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे केलेली मागणी. नागपुरात किसन फागोजी बनसोडे. रेल्वे, गिरण्या आणि दारूगोळ्याचे कारखाने यांत मिळालेला रोख पगार, म्हणजे बलुत्याबाहेरचा पहिला पैसा. हे सगळे आधी होते म्हणून आंबेडकरांच्या मागे समाज इतक्या वेगाने उभा राहिला. नेत्याचे मोठेपण याने तसूभर कमी होत नाही. उलट ज्या लोकांनी कोणी पुढारी नसताना अर्ज लिहिले त्यांची नावे इतिहासात येतात. सावकाश केलेल्या अभ्यासातून निघते ते हे.

आता आक्षेप. पहिला राजकीय आहे : हा पैसा शीतयुद्धाचा होता. खरेच होता. रशियाचा स्पुटनिक १९५७मध्ये आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेने संरक्षण शिक्षणाचा कायदा करून परकी भाषा आणि प्रदेशांच्या अभ्यासाला तिजोरी उघडली. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज १९६१मध्ये स्थापन झाली, आणि तिचे भारतातले ठाणे आपल्या पुण्यात, डेक्कन कॉलेजात होते. त्याहून गमतीची गोष्ट धान्याची. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या धान्याची किंमत भारताने रुपयांत चुकवायची होती. अमेरिकेचे रुपये इथे साठत गेले, आणि १९६२पासून त्यातल्या काही रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय पुस्तके विकत घेऊन अमेरिकन विद्यापीठांत पाठवायला सुरुवात केली. त्यांत मराठीही होती. आपण रेशनच्या रांगेत उभे राहून अमेरिकेचा गहू घरी आणत होतो, तेव्हा आपल्या छापखान्यातली पुस्तके शिकागो आणि फिलाडेल्फियाला निघाली होती. हेतू राजकीय होता हे मान्य. पण हेतूवरून फळ ठरत नाही. शिवराम जानबा कांबळ्यांच्या अर्जाचा रशियाला शह द्यायला वॉशिंग्टनला कोणता उपयोग झाला असेल? सरकारने पैसा एका कारणासाठी दिला आणि अभ्यासकांनी तो दुसऱ्याच कामी लावला. ऑमव्हेट तर अमेरिकन धोरणांच्या कडव्या टीकाकार. १९८३मध्ये त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले आणि कासेगावात राहून २०२१मध्ये देह ठेवेपर्यंत श्रमिक मुक्ती दलात काम केले.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे, आणि शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना तो टाळून चालणार नाही. मिनेसोटातल्याच मॅकलेस्टर कॉलेजचे जेम्स लेन यांचे शिवाजी महाराजांवरचे पुस्तक २००३मध्ये आले. त्यातल्या एका मजकुराने संताप उसळला, प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले, आणि ५ जानेवारी २००४ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. राज्य सरकारची बंदी हायकोर्टाने २००७मध्ये उठवली आणि सुप्रीम कोर्टाने २०१०मध्ये तो निर्णय कायम ठेवला. परक्याला आपली श्रद्धास्थाने कळत नाहीत, तेव्हा त्याने त्यांत हात घालू नये, असे यावरून अनेकांनी म्हटले. पुराव्यावाचून केलेला इशारा हा इतिहास नव्हे, आणि लेन यांच्या त्या मजकुरावर हा ठपका ठेवायला माझी हरकत नाही. पण तोच ठपका घरच्या लेखकालाही तितकाच लागू पडतो. चूक परकेपणाची असती तर झेलियट आणि ऑमव्हेट यांच्याकडूनही तीच व्हायला हवी होती. चूक पुराव्याची आहे, आणि ती पकडायची तर कागदच लागतात. त्या दिवशी भांडारकरमध्ये नासधूस झाली ती नेमकी हस्तलिखितांची आणि पुस्तकांची. लेन यांचे त्यात काहीच गेले नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. आमच्याकडे हे काम बिनपगारी लोकांनी केले, मग प्राध्यापकीचे कौतुक कशाला? विश्वनाथ काशीनाथ राजवाडे दप्तरे शोधत गावोगाव पायपीट करत हिंडले. धनंजय कीर मुंबई महापालिकेत कारकुनी करत चरित्रे लिहीत होते. चांगदेव खैरमोड्यांनी सचिवालयातली नोकरी सांभाळून आंबेडकर चरित्राचे खंड लिहिले, पहिला १९५२चा. महसूल खात्यात नोकरी केलेल्या वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे संपादन केले. झेलियट यांचे काम अशा माणसांनी जमवलेल्या साधनांवर उभे आहे, आणि हे ऋण दोन्ही बाजूंनी फेडले गेले : मून यांचे ‘वस्ती’ हे आत्मकथन इंग्रजीत नेले ऑमव्हेट यांनी आणि त्याला प्रस्तावना लिहिली झेलियट यांनी. म्हणजे आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. खैरमोडे, मून यांना रात्रीचे तास मिळाले, नॉर्थफील्डच्या बाईंना दिवसाचे. साधने मराठी माणसाने जमवायची आणि त्यांचा जगाशी मेळ घालायची फुरसत दुसऱ्याला मिळायची, ही वाटणी काही निसर्गनियम नाही. शिवाय राजवाड्यांची वाट घरच्या इतिहासापुरतीच चालते. पिशवी खांद्याला लावून मावळात हिंडता येते. अमेरिकेचे दप्तर असे पायी चालून हाती लागत नाही.

आणि अमेरिकेविषयी मराठी माणसाला कुतूहल कधी नव्हते असेही नाही. फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. पंडिता रमाबाई १८८६मध्ये तिथे गेल्या आणि १८८९मध्ये त्यांनी युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती मराठीत मांडली. राज्यपद्धती, शाळा, स्त्रियांच्या संस्था, आणि मूळ रहिवासी व काळ्यांना मिळणारी वागणूकसुद्धा. श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेलला डॉक्टर झाले. आंबेडकरांनी कोलंबियात अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले, अशी मोजदाद आहे. ती मांडली झेलियट यांनीच, १९९१च्या ‘आंबेडकर आणि अमेरिका’ या निबंधात. पुढे १९४६मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीयांचे इतिहासकार ड्यू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. एवढे बियाणे होते. पण रमाबाईंच्या मागे अमेरिकेच्या इतिहासाचे अध्यासन उभे राहिले नाही. हैदराबादेत १९६४मध्ये अमेरिकी अभ्यासाचे केंद्र निघाले तेही मुख्यतः अमेरिकन पैशावर. जिथे आपली निम्मी हुशार मुले जातात त्या देशाच्या वर्णसंघर्षावर किंवा मजूर चळवळीवर मराठीत जन्मभर काम करणाऱ्याला पगार देईल अशी एक जागा आपल्या विद्यापीठांनी राखली नाही. पैसा नव्हता असे म्हणणे सोपे आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या जोरावर कॉलेजे काढणाऱ्या जिल्ह्याने तरी ते म्हणू नये.

अध्यासन निघेल तेव्हा निघेल. तोवर ओतूर, डुंबरवाडी, ओझर, नारायणगाव या भागातल्या वाचकांच्या हाती एक काम आहे. १८८०च्या आसपासची गहाणखते, खंडाच्या पावत्या, जोशी-यजमानांच्या दाव्यांचे हुकूमनामे कोणाच्या माळ्यावरच्या पेटीत असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी त्यांचे मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, कोणत्या गावचे आणि कोणत्या घराण्याचे ते कागदामागे पेन्सिलीने लिहा, आणि जवळच्या कॉलेजातल्या इतिहास विभागाला कळवा. पुढच्या लेखांकात रमाबाईंचे १८८९चे पुस्तक.