माळवद ते स्लॅब, आणि माघारी

१९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा लातूर-नांदेडकडचं घर खणांत मोजलं जाई. लाकडी खांब, तुळया, वर कडीपाट आणि त्यावर दीड-दोन फूट माती, असं माळवद. भिंती दगड-मातीच्या, त्यांत देवळ्या. पुढच्या दोन दशकांत दर्शनी बाजूला वीट-सिमेंट आलं, जमिनीला शहाबादी फरशी आली. आतले खांब आणि धान्याचं बळद बहुतेक तसेच राहिले. लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास, नांदेडच्या होळी-चौफाळ्यात खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी ती घरं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या घरावरचा विश्वासच उडवला. सुमारे आठ हजार माणसं गेली, बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. दगड-माती म्हणजे मरण, हे मनात पक्कं बसलं. पण पडलेल्या भिंती काय सांगत होत्या? आतून-बाहेरून दगडांचे दोन पदर, मधे माती आणि चिपा, दोन्ही पदर जखडणारा आरपार दगड मात्र नाही. त्यात गळती थांबवायला माळवदावर वेळोवेळी नवी माती पडलेली. डोक्यावरचं ओझं वाढतच गेलेलं. हादऱ्यात पदर सुटले आणि भिंत ढासळली. बऱ्याच ठिकाणी भिंती गेल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हे फार कुणी लक्षात ठेवलं नाही.

भूकंपानंतरच्या सरकारी मजबुतीकरणात यावरच इलाज होते: माळवदाची माती उतरवायची, भिंतीला भोकं पाडून सळई-काँक्रीटने दोन्ही पदर बांधायचे, वरून सलग पट्टा फिरवायचा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके आधार द्यायचे. लोकांना हवा होता स्लॅब. त्यांना नावं ठेवायचा हक्क कुणाला नाही. नांदेडात २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याआधी रस्ते रुंद झाले, त्यातही जुनी दर्शनी घरं गेली.

मग एप्रिल-मेच्या रात्री तापलेला स्लॅब आणि गरगरणारा पंखा. आता शहरात शिकून आलेली पोरं आजोबांचं घर पुन्हा उघडतात. सिमेंटचा गिलावा खरवडून चुना लावतात (मातीच्या भिंतीत सिमेंटआड ओल कोंडते, म्हणून हे योग्यच), शहाबादी घासून चकाकवतात, कडीपाटाला तेल देतात, बळदाचं कपाट करतात आणि जुन्या माजघरात मॉड्युलर किचन बसवतात. दिसायला झकास! पण माझ्या मते अशी निम्मी कामं उलट्या टोकाने सुरू होतात. रंग, दिवे आधी. भिंत शेवटी, किंवा कधीच नाही.

तेव्हा घर उघडणार असाल तर डिझायनरला ॲडव्हान्स देण्याआधी जाणत्या गवंड्याला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, त्यांच्या देखरेखीत भिंतीतले थोडे दगड काढून आत आरपार दगड आहे का ते बघा, आणि माळवदावरची माती पहिल्या आठवड्यात खाली उतरवा.